ठोसर निबेची कैफियत

दिवाळीच्या आधी आठ दिवस रत्नागिरीतल्या कुठल्याही जुन्या घरात डोकावावे. माळ्यावरची पितळेची भांडी खाली आलेली असतात, गाद्या अंगणात उन्हे खात पडलेल्या असतात, आणि ओटीवर टाकाऊ वस्तूंचा एक ढीग रचलेला असतो. त्या ढिगात काय नसते? बिनकाट्यांचे घड्याळ, एका काचेचा चष्मा, गंजलेला अडकित्ता, कुणा आत्याच्या लग्नातल्या फोटोची रिकामी चौकट. आणि बिस्किटांच्या एका डब्यात, तुटक्या पेन्सिली आणि सुतळीच्या गुंडाळ्या यांच्याखाली, दोन-तीन फौंटनपेने. टोपण घट्ट बसलेले, काळे अंग तपकिरी झालेले, पोटात शाईचा खडा. घरचे कर्ते गृहस्थ त्यांतले एक उचलतात, उघडू पाहतात, उघडत नाही, आणि "हे आता कोण वापरतो!" असे म्हणून परत ढिगावर टाकतात. दुपारी भंगारवाला येऊन जातो. पुढे चार दिवसांनी त्याच घरात लक्ष्मीपूजन होते. पाटावर नवी वही मांडतात, वहीवर स्वस्तिक काढतात, दौत-लेखणीच्या जागी दहा रुपयांचे बॉलपेन ठेवतात, त्याला हळदकुंकू वाहतात आणि भक्तिभावाने हात जोडतात!

लेखणीला भंगारात घालून लेखणीचीच पूजा करण्याचा हा खासा न्याय आम्हांला पटत नाही. हा लेख भांडणाचा आहे हे आरंभीच सांगून टाकतो. फराळाच्या ताटापुढे बसलेल्या वाचकाला गोडीगुलाबीने फसवून भांडणात ओढणे बरे नव्हे. आमचे भांडण तिघांशी आहे. पहिला, जुन्या पेनाची निब वितळवणारा. दुसरा, ती मखमलीत पुरून ठेवणारा. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा आरोपी, ती घरात पडलेली असताना "हल्ली कुणाचे अक्षरच चांगले राहिले नाही" म्हणून गळा काढणारा. म्हणजे तुम्ही आणि आम्ही.

ज्या निबेचे वकीलपत्र आम्ही घेतले आहे तिला इंग्रजीत स्टब म्हणतात. साध्या फौंटनपेनाच्या निबेच्या टोकाला एक बारीकसा गोल मणी असतो. तो वर न्या, खाली आणा, आडवा ओढा, रेघ सारख्याच जाडीची उमटते. स्टब निबेचे टोक गोल नसते. ते रुंद, चपटे, सरळ छाटल्यासारखे असते आणि त्याच्या कडा तेवढ्या किंचित मऊ केलेल्या असतात. त्यामुळे एका दिशेने ओढलेली रेघ भरदार येते, दुसऱ्या दिशेने ओढलेली बारीक येते, आणि वळणावर जाडीची बारीक होताना अक्षराला आपोआप अंग येते. कडा मऊ न करता धारदार ठेवल्या तर त्या निबेला इटॅलिक म्हणतात. ती अक्षर जास्त रेखीव काढते, पण घाईत लिहिणाऱ्याच्या हाताला अडते आणि कागद ओरबाडते. टोकाचा छाट तिरका असेल तर ती ऑब्लिक. ही तिन्ही एकाच घरातली भावंडे. त्यांत रोजच्या लिहिण्याला सोयीची ती स्टब.

आता कुणी म्हणेल, "ही सगळी साहेबी चैन! मराठी माणसाला या स्टबचे काय कौतुक?" हा आक्षेप घेणाऱ्याने दासबोध उघडावा. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. समर्थांनी परमार्थ सांगता सांगता मध्येच थांबून बाळबोध अक्षर कसे काढावे, बोरू कसे निवडावे, ओळी कशा राखाव्यात याचा पाठ दिला आहे. आणि त्या पाठात अक्षराच्या काळेपणाच्या जोडीला टाकाच्या ठोसरपणाचाही उल्लेख आहे. ठोसर! इंग्रज ज्याला स्टब म्हणतो त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीत नेमका शब्द तयार होता, कारण वस्तू तयार होती. टाकाला अणकुचीदारपणा हवा असे समर्थ म्हणत नाहीत. टाकाचा ठोसरपणा सबंध पोथीभर सारखा राहावा असे म्हणतात. तेव्हा या निबेला आम्ही यापुढे ठोसर निबच म्हणणार. तिचे बारसे आपल्याकडे केव्हाच झालेले आहे.

या ठोसरपणाचे मूळ बोरूत आहे. बोरू म्हणजे साधी वेताच्या जातीची पोकळ काडी. चाकूने तिचे टोक तासायचे, मध्ये चीर द्यायची आणि शेवटी एक तिरका छाट मारायचा. त्या छाटाने जे रुंद टोक तयार होते, त्यानेच आमच्या लिपीला तिचे रूप दिले. बाळबोधाचे वळण बोरूचे, मोडीचे वळण बोरूचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. कारकून घाईत असला तरी त्याचा बोरू अक्षराला जाड-बारीक अंग देतोच. पुढे छापखाने आले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे खिळे कोरले, ते लोखंडात कोरले खरे, पण कोरताना डोळ्यांपुढे बोरूचे अक्षर होते. घरात निर्णयसागरी छापाची जुनी पोथी असेल तर तिच्यातला 'ठ' निरखून पाहावा. त्याचा गोल सगळीकडून सारखा जाड नाही. डाव्या बाजूने वरच्या अंगाला आणि उजव्या बाजूने खालच्या अंगाला तो भरलेला आहे. बाकी दोन्हीकडे निमुळता. ही जाडी कुणा चित्रकाराच्या लहरीने आलेली नाही. बोरूच्या तिरक्या छाटाचा तो ठसा आहे.

म्हणजे क्रम असा: बोरू, मग होल्डरात खोचायचा पोलादी टाक, मग फौंटनपेन. लुई वॉटरमनने न्यूयॉर्कात 1884 साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले आणि दौतीत बुडवण्याची यातायात संपत आली. त्या काळापासून पुढची पन्नास-साठ वर्षे चांगले पेन विकणारी प्रत्येक कंपनी निबांचे निरनिराळे नग ठेवी, आणि त्यांत स्टबही असे. अमेरिकेतल्या कॅमडेन गावच्या एस्टरब्रुक कंपनीने तर निब फिरकीने काढून दुसरी बसवता येईल अशी सोय केली आणि प्रत्येक निबेला क्रमांक दिला. त्यांतली 2284 ही रुंद स्टब, सहीसाठी म्हणून विकली जाई. जर्मन पेनांवर 'ओबी' अशी अक्षरे असत, म्हणजे तिरक्या छाटाची रुंद निब. मग दुसरे महायुद्ध संपता संपता, 1945 च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या दुकानात बॉलपेन विकायला आले आणि पुढच्या दोन पिढ्यांत जगाच्या हातातली रेघ एकाच जाडीची झाली.

बॉलपेनशी आमचे वैर नाही, हे येथेच नोंदवून ठेवतो. ते स्वस्त आहे, खिशात गळत नाही, आणि ज्या घरात दौत कधी आली नसती त्या घरातल्या मुलाच्या हातात त्याने लेखणी दिली. हे उपकार थोडे नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की गोल मण्याची रेघ सोयीची आहे म्हणून तीच लिपीचे खरे रूप आहे असे कुणी समजू नये. सपाट रेघेच्या 'ठ'ला हाडे असतात, मांस नसते.

तर मग ही ठोसर निब आज शोधायची कोठे? हौशी मंडळी मुंबईला चोरबाजारात जातात, पुण्याला रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात चकरा मारतात, आणि हल्ली मोबाईलच्या पडद्यावर विलायतेतल्या विक्रेत्यांशी घासाघीस करतात. आम्ही म्हणतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! रत्नागिरीसारख्या गावाचा इतिहास जरा आठवावा. हे जिल्ह्याचे ठाणे. येथे जिल्हा न्यायालय, कचेऱ्या, वकिलांची घराणी, शाळामास्तरांची घराणी. 1828 पासून चालत आलेले नगर वाचनालय येथे आहे. ज्या गावात माणसे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ वर्गणी भरून पुस्तके वाचत आली, त्या गावात लिहिण्याची साधने नव्हती असे कसे होईल? त्यात हा जिल्हा चाकरमान्यांचा. गिरणीत, गोदीत, कचेरीत, पेढीवर नोकरी करणारा मुलगा बोटीने घरी येई तेव्हा आईला लुगडे, भावंडांना खाऊ आणि वडिलांना, ऐपत असेल तर, एक फौंटनपेन आणी. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर चार ओळी खरडायच्या त्या मुंबईच्या टोकाला, आणि पोच लिहायची ती गावच्या टोकाला. त्या चार-चार ओळींवर कोकणातली घरेच्या घरे उभी राहिली.

लेखणीची चाड असणारी थोर माणसेही या जिल्ह्याने पाहिली. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले. त्यांचा ग्रंथांचा लोभ जितका प्रसिद्ध, तितकाच फौंटनपेनांचा. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती लेखणी येऊ नये म्हणून समाजाने शतकानुशतके पहारा केला, त्या माणसाला उत्तम पेनाची आवड असावी यात नुसती हौस पाहणारा माणूस आंधळा म्हटला पाहिजे. लेखणी ही वस्तू कुणाला किती महाग पडली आहे, हे ज्याला कळते तो ती भंगारात देणार नाही.

आता पहिल्या आरोपीकडे वळू. जुन्या पेनाची निब पुष्कळदा 14 कॅरट सोन्याची असते. हजारात 585 भाग सोने; तसा शिक्काही निबेवर असतो. सोन्याचा भाव चढला की हा शिक्का घरातल्या चतुर माणसाला बरोबर दिसतो. तो निब उपटतो आणि सराफाकडे नेतो. पण एका निबेत सोने असते किती? नेहमीच्या आकाराच्या निबेत शुद्ध सोने अर्धा ग्रॅम भरणे कठीण. त्यातून सराफ घट धरणार, टोकाचा कठीण धातू बाद करणार, आणि हातात येतील त्या पैशांत दिवाळीचे फटाकेही धड येणार नाहीत. ज्या टोकाला तो 'बाद' करतो त्या टोकातच खरी करामत आहे. सोने मऊ, ते कागदावर घासून झिजेल म्हणून टोकाला इरिडियम-ऑस्मियमसारख्या कठीण धातूचा कण जोडलेला असतो आणि कारागिराने तो भिंगाखाली घासून त्याला ठोसर आकार दिलेला असतो. हा आकार मुशीत गेला की गेला. गरजेपायी विकणाऱ्याला आम्ही शब्दाने दुखवणार नाही. चूल पेटवण्यासाठी माणसाने मंगळसूत्रही विकले आहे. पण ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याने बापाची लेखणी वितळवावी, याला व्यवहार म्हणत नाहीत. याला करंटेपणा म्हणतात.

दुसरा आरोपी अधिक सभ्य आहे. तो संग्राहक. त्याच्याकडे चाळीस पेने आहेत, काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर. कुठले कोणत्या साली निघाले, कुणाची क्लिप बदललेली आहे, हे त्याला तोंडपाठ. त्याने ही पेने भंगारातून वाचवली हे पुण्य आम्ही त्याच्या पदरात मोकळ्या मनाने घालतो. पण त्याला विचारा, "अहो, यांतल्या कुठल्या पेनाने तुम्ही लिहिता?" तो दचकतो. "छे हो! शाई भरली की किंमत उतरते!" म्हणजे लेखणीने लिहिले की तिची किंमत उतरते! सतारीच्या तारा काढून ठेवल्या म्हणजे सतार जपली, असे समजण्यातला हा प्रकार. शिवाय याच्या स्पर्धेने भाव असे चढले की ज्या शाळामास्तराला, ज्या अक्षरवेड्या पोराला ती निब खरोखर हवी आहे, त्याच्या आवाक्यातून ती गेली. जपणे निराळे आणि पुरणे निराळे. जपलेली वस्तू पुढच्या हातात जाते. पुरलेली वस्तू वारसांच्या भांडणात निघते.

आणि या चढलेल्या भावाच्या मागोमाग लबाडी आली. स्टबला गिऱ्हाईक आहे हे कळल्याबरोबर बाजारात स्टबचे पीक आले. यांतल्या पुष्कळशा निबा म्हणजे टोक मोडलेल्या साध्या निबा असतात. मोडका भाग सहाणेवर घासून सपाट केला की झाली स्टब! म्हणून घेणाऱ्याने घड्याळजी डोळ्याला लावतो तसले भिंग बरोबर ठेवावे. सोन्याच्या निबेच्या अगदी टोकाला वेगळ्या, पांढुरक्या धातूचा तुकडा आणि त्याचा जोड दिसला पाहिजे. तो नसेल तर ती निब मोडलेली आहे. थोडे दिवस लिहील आणि झिजेल. चीर मधोमध आहे का, दोन्ही पाती सारख्या उंचीवर आहेत का, हेही पाहावे. एस्टरब्रुकच्या पोलादी निबांत मात्र 2284 सारख्या 2 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना मुळातच वेगळ्या धातूचे टोक नसते. पोलादच दुमडून टोक केलेले असते. 9 ने सुरू होणाऱ्यांना ते असते. तेव्हा 2284 खरी असूनही सोन्याच्या स्टबच्या भावाने घेऊ नये. आणखी एक फसगत अशी, की वीस वर्षे एकाच हाताने लिहिलेली साधी निब त्या हाताच्या कलाने झिजून एका बाजूने सपाट होते आणि भिंगाशिवाय पाहणाऱ्याला स्टब वाटते. ती तुमच्या हातात अडेल. मात्र ते पेन तुमच्या वडिलांचे असेल तर हट्टाने थोडे दिवस लिहून पाहा. पुष्कळदा मुलाचा हात बापाच्या वळणावर जातो आणि निब चालू लागते.

परीक्षा करताना इंग्रजी सही करून पाहण्याची रीत आहे. ती सोडून द्यावी. निब शाईत नुसती बुडवावी आणि मराठी लिहावे: एक शिरोरेघ, एक दंड, आणि एक 'ठ'. येथे एक गोष्ट ध्यानात येईल. विलायती स्टब रोमन लिपीसाठी कापलेली असते. रोमन अक्षराची जाडी एका अंगाची, आणि देवनागरीची त्याच्या उलट अंगाची. इंग्रजी सवयीने पेन धरले तर आपला 'ठ' भलत्याच बाजूला फुगतो. यावर उपाय सोपा आहे. पेन बोटांत किंचित फिरवून धरावे, वही थोडी वळवावी, म्हणजे दंड भरदार येतो, शिरोरेघ बारीक येते आणि अक्षर शोभते. बोरूचे हुबेहूब वळण हवे असेल तर उलट्या छाटाची निबच लागते. सुलेखन करणारे तशी घासून घेतात. मोडीचा आणि देवनागरीचा असा अभ्यास करून अच्युत पालवांसारख्या सुलेखनकाराने नाव मिळवले आणि 2025 साली पद्मश्रीही मिळवली. सरकारने अक्षराला मान दिला; घराने कधी द्यायचा?

येथे तिसरा आरोपी, म्हणजे आपण सगळे, बचावाला उभे राहतो आणि हुकमी पत्ता टाकतो. "अहो, साधनात काय आहे? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य शिसपेन्सिलीने लिहिले!" खरे आहे. रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या या पुरुषाने 1910-11 च्या हिवाळ्यात तो ग्रंथ पेन्सिलीनेच लिहिला. पण का लिहिला? तुरुंगात शाई आणि दौत मिळत नव्हती म्हणून! सावरकरांनी अंदमानच्या कोठडीत भिंतींवर कविता कोरल्या. म्हणून आपण मुलांच्या दप्तरात वही-पेनाऐवजी खिळे देतो काय? थोर माणसाने नाइलाजाने पत्करलेली उणीव आपण ऐपत असताना पत्करायची आणि त्याला साधेपणा म्हणायचे, हा बचाव कोर्टात टिकणारा नाही. साधनाने विचार येत नाही हे कबूल. पण साधनाने हात थांबतो, आणि हात थांबला की डोके एक शब्द पुढचा विचार करते. ठोसर निबेने भरभर खरडता येत नाही. ती म्हणते, बाबा रे, वळण पुरे कर, मग पुढे जा. आजच्या घाईच्या दिवसांत एवढे म्हणणारे घरात आणखी कोण आहे?

दुसरा बचाव हवेचा. "कोकणात पेन टिकत नाही." तेही अर्धे खरे. चार महिने पागोळ्या गळतात, भिंतींना बुरशी धरते, पोलादी निब गंजते, शाई ओढणारी रबरी पिशवी चिकट होऊन कुजते. पण पिशवी बदलता येते. हे काम जाणणारे हात मुंबई-पुण्याकडे अजून आहेत. बाकीचे घरच्या घरी करता येते. घट्ट बसलेले टोपण पकडीने पिळू नये. थंड किंवा कोमट पाण्यात निबेचा भाग भिजत ठेवावा, पाणी बदलत राहावे, दोन-चार दिवसांत वाळलेली शाई सुटते. काळ्या एबोनाइटच्या पेनाला गरम पाणी दाखवू नये, त्याचा रंग आणखी उडतो. सेल्युलॉइडच्या रंगीत पेनाला स्पिरिट लावू नये, ते विरघळते. चित्रकलेची पक्की काळी शाई चुकूनही भरू नये. साधी निळी शाई भरावी. ती तर आपल्या मराठी माणसांनीच घरोघर पोचवली: दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी 1931 साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड करायला घेतली, त्यातून पुढे फौंटनपेनाची कॅमल शाई आली आणि त्यावरून कॅमलिन हे नाव. 2011 साली त्या कंपनीची मालकी जपानी कोकुयोकडे गेली. शाईची बाटली मात्र दुकानात अजून मिळते. पेन आठवडाभर वापरायचे नसेल तर धुऊन, पुसून, कोरडे करून ठेवावे. लोणच्याच्या बरणीची जेवढी काळजी कोकणातली गृहिणी घेते, तिच्या पावपट काळजी पुरे आहे.

तिसरा बचाव सगळ्यांत केविलवाणा. "आता लिहायचेच काय असते? सगळे मोबाईलवर होते." मग प्रश्न असा, की घरातल्या जुन्या पत्रांच्या पुडक्याला हात लावताना आपला आवाज का खाली येतो? त्या पत्रांत मजकूर काय असतो हो? आंब्याला मोहर आला, गाय व्याली, पावसाने पडवी गळते, प्रकृतीस जपावे. या मजकुरासाठी कुणी पुडके जपत नाही. जपले जाते ते अक्षर. 'चिरंजीव' या शब्दातला तो वळसा पाहिला की लिहिणारा समोर येऊन बसतो. बाप गेला, फोटो पिवळा पडला, आवाज कुणी नोंदवून ठेवला नव्हता. अक्षर तेवढे ताजे राहिले. आपल्या मुलांना आपल्यामागे काय सापडणार आहे? पडद्यावरचे अक्षर सगळ्यांचे एकच. त्यात 'बाबांचे' असे काय ओळखायचे? ठोसर निबेच्या बाजूने आमच्याकडे याहून मोठा पुरावा नाही, आणि याहून मोठ्याची गरज आहे असेही वाटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. घरात जुनी पेने निघाली तर ती वजनावर देण्याआधी प्रत्येकाचे टोपण काढून निब पाहावी. रुंद टोकाची असेल तर ती नशिबाने आलेली आहे असे समजावे. सोन्याची असली तरी सराफाला दाखवू नये; दाखवलीच तर परत आणावी. संग्राहकांनी आपल्या चाळिसांतले निदान एक पेन शाईने भरावे आणि दुसरे एखाद्या अक्षरवेड्या मुलाला द्यावे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी आजोबांचे धुतलेले, भरलेले पेन मांडावे आणि पूजा झाली की त्याच पेनाने वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून 'श्री' काढून घ्यावा. शाई बोटांना लागेल, सदऱ्याला लागेल, कदाचित पाटालाही लागेल. लागू द्यावी, दिवाळीत तेलाचे डाग आपण हसत सोसतोच. आणि भाऊबीजेला दूरच्या बहिणीला फोन तर करालच, पण चार ओळींचे पत्रही टाका. फोन ती विसरेल. पत्र ती ट्रंकेत ठेवील.

फिर्यादीचे म्हणणे येथे संपले. आरोपी आणि न्यायाधीश या खटल्यात एकच आहेत, ही अडचण आम्ही जाणून आहोत. तरीही निकाल वाचकांनीच द्यावा. मात्र तो छापील नको, मोबाईलवर टाइप केलेला तर नकोच. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवावा. आणि घरातल्या त्या डब्यात सापडलीच, तर ठोसर निबेने.